किटलीची पाठ

५ जुलै
कॉलेज सुरू. कलेच्या डिप्लोमाआधी एक वर्ष फाउंडेशन करावं लागतं. मी ऑफिसच्या खिडकीशीच सांगितलं की हे म्हणजे धावत्या माणसाला पुन्हा रांगायला लावणं आहे. क्लार्क म्हणाला, रांगा, पण जरा बाजूला होऊन रांगा, मागे लोक थांबलेत.
वक्तृत्वाच्या ढाली घरात मावत नाहीत. कलेवर वाचलेली पुस्तकं कपाटात मावत नाहीत. आता किटल्या काढायच्या.
वर्षाअखेरीच्या परीक्षेतून निम्मेच डिप्लोमाला जातात. बाबांची अट: यादीत नाव नसेल तर काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलायला बसायचं. चिंता नाही. यादीत पहिलं नाव कोणाचं, एवढाच प्रश्न आहे. आणि तोही सुटलेला आहे.

९ जुलै
आठवडाभर एकच किटली, दोन कांदे, मळकं कापड. भोवती आम्ही गोल करून डाँकीवर बसतो. डाँकी म्हणजे घोड्यासारखं वर बसून पुढे बोर्ड टेकवायचा लाकडी बाक. शेजारी एक मुलगी. मान खाली, बारीक बारीक रेघा, तोंडातून शब्द नाही. मी तिचं नाव मुंगी ठेवलं.
सर आले. माझा कागद बघून म्हणाले, किटली आडवी झालीय, उठव तिला. मुंगीपाशी थांबले. 'हं' म्हणाले. बस, तेवढंच.
एका 'हं'ने कोणी मोठं होत नसतं.

९ जुलै, संध्याकाळी
अजून ते 'हं' डोक्यात आहे.

२ ऑगस्ट
मुंगी सकाळी साडेसातला वर्गात येते असं कळलं. संकल्प: उद्यापासून मी सातला.

३ ऑगस्ट
नऊला पोचलो. मत्सर हा लहान मनाचा आजार कसा, यावर काल उशिरापर्यंत वाचत होतो.

१९ सप्टेंबर
मुंगी रोज बसस्टँडवर बसून माणसांची स्केचेस करते म्हणे. मीही गेलो. बाकावर एक हमाल झोपला होता. उत्तम विषय. पेन्सिल टेकवणार, तोच शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, काय करताय? कलेचं समाजातलं स्थान या विषयावर बोललो. लोक जमले. तेवढ्यात दोघातिघांची बस सुटली. एक बाई म्हणाल्या, पोरगा बोलतो छान, पण विकतोय काय ते कळेना. हमाल उठून निघून गेला.
स्केचेस: शून्य. पण जनजागृती झाली. मुंगीने केलीय कधी?

२२ नोव्हेंबर
सर आज माझ्या कागदापाशी 'हं' म्हणाले. अखेर.
सत्याला धरून नोंद करतो: हल्ली मी अधूनमधून शेजारच्या कागदाकडे बघतो. दोघांत हातभर अंतर, कोन जवळपास तोच. याला नक्कल म्हणत नाहीत. तिने सावली बरोबर टाकली आहे का, एवढंच तपासतो. बरोबर असेल तर मीही तशीच टाकतो.

११ जानेवारी
मुंगीचं चित्र फ्रेम करून कॉरिडॉरमध्ये लावलंय. मी बघितलं नाही. येताजाता दिसलं तेवढंच. फ्रेमची काच डाव्या कोपऱ्यात तडकली आहे. कोणाचं लक्ष नाही.
ताई म्हणाली, तुला कॉलेजचं विचारलं की तू त्या मुलीचंच सांगतोस, आईला बोलू का पुढचं? तात्त्विक संघर्ष आमच्या घरात कोणाला कळत नाही.

६ एप्रिल
वस्तुचित्राची परीक्षा. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. घात झाला. मुंगी बरोब्बर समोरच्या टोकाला, मधे किटली. तोटी तिच्याकडे, पाठ माझ्याकडे. मी सरांना विचारलं, ज्याने वर्षभर कलेचा विचार केला त्याच्या वाट्याला पाठ? सर म्हणाले, पाठ तर पाठ, काढ आता.
मधल्या सुट्टीत बोर्ड जागेवर ठेवून सगळे जेवायला गेले. पाण्याची बाटली राहिली म्हणून मी परत आलो. बाटलीकडे जाताना तिचा बोर्ड वाटेत आला. म्हणजे थोडं वळून जावं लागलं. तोटी काय काढली होती. सरळ बघणाऱ्याच्या अंगावर येत होती. जेवण राहिलं. बाटलीही तिथेच राहिली.
जागेवर येऊन सगळं खोडलं. दुपारभर तोटी काढली, अगदी तशी. समोर दिसतं ते कोणीही काढेल. दिसत नसलेली तोटी काढायला दृष्टी लागते.

२८ मे
यादी लागली. मी डिप्लोमाला! नाव शेवटचं आहे, पण कोणीतरी शेवटी असल्याशिवाय यादी संपणार कशी? बाबांनी काकांना फोन केला, म्हणाले, दुकानाला दुसरा माणूस बघ, आपला पोरगा आर्टिस्ट झाला. गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मी अत्यंत आनंदात.
पहिली मुंगी.

२८ मे, संध्याकाळी
आनंदात नाही. चित्र तेच, मग ती पहिली आणि मी शेवटचा का? आई म्हणाली, मिळालंय ना, गप जेव. गप जेवणाऱ्यांनीच हा समाज बुडवला. उद्या प्राचार्यांना भेटणार.

२९ मे
आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण. प्राचार्यांनी दोन्ही कागद मागवून टेबलावर ठेवले. सरही आले. मी म्हणालो, पाहा, रेघेला रेघ जुळते. ती एका टोकाला होती, मी बरोबर दुसऱ्या टोकाला, मधे किटली. तरी चित्र हुबेहूब एक. मग गुण दोन का?
प्राचार्य म्हणाले, ते टोकाचं पुन्हा एकदा सांगा. ठसलं होतं तर. मी पुन्हा सांगितलं, जास्त आवाजात.
त्यांनी सरांना विचारलं, याच्या जागेवरून काय दिसत होतं? सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, पाठ.
प्राचार्यांनी माझा कागद वेगळा काढून बाजूला ठेवला.

२ जून
नाव यादीतून काढलं. यादीबाहेरचा एकजण आत आला. सर म्हणाले, फाउंडेशन पुन्हा करता येईल. बाबांनी काकांना फोन केला, या वेळी आतल्या खोलीत जाऊन. सोमवारपासून दुकान.
बोर्ड आणायला कॉलेजात गेलो. जिन्यात मुंगी भेटली. वर्षात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, वर्गात मी बोर्ड जरा तुझ्याकडे तिरका करून ठेवायचे, तुझी मान अवघडायची म्हणून. परीक्षेत तू समोर गेलास, तिथून कसं दाखवणार होते?
टोमणा असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं.
टोमणा नव्हता.