पप्पांच्या कंपनीचं निअर-मिस कार्ड

१० फेब्रु., मंगळ.
कॉलेजच्या लॅबमध्ये बायोसेफ्टीचं ट्रेनिंग झालं एकदाचं. आमच्या प्रोजेक्टच्या मॅडमनी स्लाइड्स नुसत्या पळवल्या. जंतू सांडले तर वर कागद, कागदावर ब्लीच, वीस मिनिटं थांबा, मग रजिस्टरमध्ये नोंद. माझा प्रोजेक्ट पार्टनर ओंकार चक्क घोरत होता. सर्टिफिकेट त्यालाही मिळालं!

१२, गुरु.
सांडलंच. माझ्याच हातून, ओंकारशी भांडताना. आम्ही बाहेरचं जनुक घालून हिरवे चमकवलेले जंतू, अर्धी बाटली फरशीवर. तसे गरीब आहेत बिचारे, पण नियम तो नियम. ब्लीच ओतून वीस मिनिटं दोघं पुतळे. नोंद करायला रजिस्टर उघडलं तर अख्खं कोरं. म्हणजे इथं आजवर थेंब सांडला नाही!
ओंकार : "गप बस ना राव. सोमवारी बायोसेफ्टीची कमिटी येतीय. प्रोजेक्टची परवानगी गेली तर वर्ष बोंबललं."
रजिस्टर तसंच मिटून ठेवलं.
घरी पप्पांना सांगितलं. ते चाकणला गाड्यांच्या कंपनीत, पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये. हातातला घास खाली ठेवला. "लिव्हलंस का? आमच्यात असलं लपवलं की उद्या दुसऱ्याचं बोट जातंय." डब्याच्या पिशवीतून कंपनीचं निअर-मिस कार्ड काढून दिलं. कुणाला लागलं नाही, थोडक्यात निभावलं, तरी यावर लिहायचंच म्हणे.

१३, शुक्र.
नोंद करायला गेले, तर रजिस्टर मॅडमनी कव्हर घालायला नेलंय. कमिटीसाठी. मग कार्डच भरलं. विभाग : प्रेस शॉप, पेंट शॉप, असेंब्ली, इतर. 'इतर'वर टिक. पुन्हा घडू नये म्हणून उपाय : बाटली हातात असताना भांडणार नाही.
मॅडमना दाखवलं. "वेडी का खुळी तू? फाड ते. पाणी सांडलं होतं, समजलं?"
"हो मॅडम" म्हटलं आणि खिशात घातलं. शेळी आहे मी, शेळी.

१५, रवि.
पप्पांना विचारलं, फाडू का? "प्रोजेक्ट तुझा. मी काय सांगू?" एरवी न विचारता सल्ले! असा राग आला.

१६, सोम.
कमिटी आली. अध्यक्षबाईंनी कोरं रजिस्टर चाळलं. "कधीच काही सांडलं नाही?"
"कधीच नाही," मॅडम.
ओंकारचा पाय माझ्या पायावर. तरी कार्ड काढून दिलं. बाईंनी 'पेंट शॉप' दोनदा वाचलं. हसल्या की खोकल्या, देव जाणे. मग पेन उघडून मॅडमपुढे धरलं. "इथं सुपरवायझरची सही राहिलीय."
मॅडम म्हणाल्या, आधी चहा घेऊ. चहा झाला. दुसरा झाला. आम्हाला बाहेर पाठवलं, तेव्हा पेन बाईंच्याच हातात होतं, उघडंच; सहीची जागा कोरी.