धाकटीचं बोट

थोरले,

दवाखान्यातून तू थेट मावशीकडे गेलीस, त्याला आज आठवडा झाला. हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर त्यातही मी तुला सुनावतेच आहे, असं तुला वाटेल.

तुला डायबिटीस निघाल्यापासून रोज सकाळी मशीनवरचा आकडा मला दाखवायचा, हा नियम माझाच. साखर वाढलेली दिसली की मी आधी ओरडायचे, मग दिवसभर अबोला धरायचे. पुढे आकडे चांगले यायला लागले आणि मी माझ्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकांना तुझं कौतुक सांगत बसले. तू बेशुद्ध पडलीस, तेव्हाही डॉक्टरांना मी तुझ्या आकड्यांची वही छातीठोकपणे दाखवली.

काल धाकटीला हातशिलाई शिकवायला घेतलं. सुई हातात देण्याआधीच तिच्या बोटांवर टोचल्याचे काळे ठिपके दिसले.

"ताई माझं रक्त मशीनला लावायची," ती म्हणाली. "माझा आकडा बघून तू ओरडायची नाहीस ना."

मी गप्प झालेली पाहून ती घाबरली आणि तिने पटकन दुसरा हात पुढे केला.

"आई, या हाताला अजून फार टोचलेलं नाही."

तुम्हा दोघींची,
आई