मामाचं वाक्य

४ फेब्रु., पवनी
आजही शेवटचा सीन नाही. ढग. दिग्दर्शक समीर छत्रीखाली भजी खात म्हणतो, "राग मुरू दे." राग खरा आहे, म्हणून तर शेवंताबाई आणि धनराजला घेतलं. सख्खी भावंडं. तलावाच्या मासेमारीवरून सात वर्षं अबोला. गोष्ट त्यांचीच, संवाद माझे. शेवटी बहीण भावाला मुलीच्या लग्नाला बोलावते.

६ फेब्रु.
शेवंताबाईंच्या मुलीचं लग्न खरंच आहे, ९ला, कोंढ्याला. धनराजला पत्रिका द्यायचीय. पण सीन होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, ही समीरची ताकीद.
"सर, मंगलाष्टकाले पोरीच्या मांगं मामा नाई त कोन उभा राहीन? तुमचा क्यामेरा?"
समीरशी भांडलो. त्याने मॉनिटरवरून मान वर केली नाही.

७ फेब्रु.
ऊन. तलावाच्या पाळीवर सीन, अर्धं गाव बघायला. मी लिहिलं होतं, "येईन, ताई." धनराज बोलला, "येतो न बाई. तू बोलावून त पाह्य." माझ्यापेक्षा चांगलं. कट झाल्यावर शेवंताबाईंनी पिशवीतून खरी पत्रिका काढली. त्याने घेतली. वाटलं, सुटलो.
संध्याकाळी समीर: फार गोड झालं. दुसरा शेवट हवा, भाऊ नकार देतो. सकाळी पान दे.
तीस वर्षांत एक पान उशिरा दिलेलं नाही.

८ फेब्रु.
दिलं. "तुह्या दारात पाय ठेवनार नाई." धनराजने दोनदा वाचून घेतलं.
"हे गावासमोर बोलाचं? चारचौघांत बोललो म्हंजे बोललो, सर. मंग उद्या कोन्त्या तोंडानं जाऊ?"
"सिनेमा आहे, धनराज."
"मंग कालचं बी सिनेमाच होतं का?"
समीर ओरडला, ऊन जातंय. शेवंताबाई काठाला लावलेल्या डोंग्यात बसून माझ्याकडे बघत होत्या, भावाकडे नाही.
एका टेकमध्ये झालं. समीर खूश. धनराज गाडी काढून लाखनीकडे गेला. फोन बंद.
उशीर करता आला असता. एकदा तरी.

९ फेब्रु., कोंढा
मांडवाच्या खांबाला टेकून लिहितोय. अंतरपाट धरलाय. मुलीच्या मागची जागा रिकामी. भटजींनी दोनदा विचारलं, मामा कुठे?
शेवंताबाई जवळ आल्या. "सर, त्याचं कोन्तं बोलनं ठेवनार पिच्चरमंदी?"
"अजून ठरलं नाही."
"त मंग थांबा म्हना भटजीले."
सांगून आलो. ते घड्याळ बघताहेत, मी लाखनीचा रस्ता.