वरच्या चार ओळी

मंगळवार, संध्याकाळ

मोहने गावातल्या गायकवाडकाकांच्या मुलीचा दुपारी फोन आला. "दोनदा मेल केला, साहेब. बाबांचं तुमच्याकडून भाड्याने घेतलेलं ऑक्सिजनचं मशीन मध्येच बंद पडतंय." सिस्टीममधलं काकांचं पान उघडून मी ठामपणे म्हणालो, "आमच्याकडे मेल आलेलाच नाही."

आलेला. मीच फॉरवर्ड केलेला. ग्राहकाचा मेल सिस्टीमच्या पत्त्यावर पाठवला की तो ग्राहकाच्या पानावर जमा होतो. ते पान बघूनच टेक्निशियन निघतो. पण सिस्टीम ग्राहक ओळखते ती फॉरवर्ड करताना मेलवर आपोआप येणाऱ्या वरच्या चार ओळींवरून, कोणाचा, कधीचा वगैरे. मला तो कचरा वाटायचा. दर वेळी पुसायचो. नीटनेटकं हवं ना! फोननंतर शोधलं, तर सगळे मेल माझ्याच नावावर साठलेत.

ऑफिसातली सुनीता म्हणालेली, "सर, त्या ओळी राहू द्या." मी सगळ्यांसमोर तिला म्हणालो, "कोणी न शिकवता शिकलोय मी. मला नको शिकवूस."

मशीन लगेच बदलून दिलं. मग मुलीला फोन केला. "मेल आलेले. चूक माझी." ती म्हणाली, "बाबांना आडवं होता येत नव्हतं, साहेब."

सुनीतालाही सांगितलं. तिने नुसती खुर्ची ओढली. "चला सर, तुमच्या नावावरची माणसं ज्याच्या त्याच्या पानावर परत करू."

काकांचे मेल पुन्हा फॉरवर्ड करताना हात सवयीने त्या ओळींवर गेला. थांबलो. पहिल्यांदाच वाचल्या. दुसरा मेल पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी पाठवलेला.

ती वेळही मी पुसलेली.