सदतीस जळकी पानं

कांबा, कॅनबेरा
ईस्टरनंतरचा मंगळवार

साडूबुवा नॉरिस यांस,

वॉरिकचा कमरेतून जमेल तितका वाकून नमस्कार. (फारसं जमत नाही, कारण पुढे येईलच.) ग्लेनिसताईंचा गुडघा, तुमचं ब्लडप्रेशर आणि तुमचा म्हातारा कुत्रा या तिघांची प्रकृती सुधारत असेल अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत. सगळे म्हणजे मी, रेलीन आणि चार रोपं. त्यांतल्या दोघांबद्दल तुम्ही फोनवर ‘उपटून टाक, आशा सोड’ म्हणाला होतात, त्या दोघांनी तुम्हाला नमस्कार वेगळा सांगितलाय.

ज्या टेबलावर हे लिहितोय ते मी स्वतः केलंय. ज्या खिडकीतून बाहेर बघत लिहितोय तिची चौकट माझी. बाहेरचं कोंबड्यांचं खुराडं माझं. पावसाच्या पाण्याच्या टाकीखालचा ओटा मी बांधलाय (लेव्हल लावून बघा, दोन मिलिमीटरचा फरक दिसेल, तो टाकीचा आहे, ओट्याचा नाही). आणि वॉशिंग मशीनचं पाणी खिडकीतून थेट उत्तरेच्या कुंपणाशी नेणारी बावीस मीटरची नळी, दोन वळणं, चार तोट्या, हीसुद्धा माझीच. त्या मोठ्या दुष्काळात गल्लीतली माणसं शॉवरखाली बादली धरून उभी असायची, तेव्हा मी आडवा पडून ही नळी टाकत होतो. आजही आमच्या घरातून साबणाच्या पाण्याचा एक थेंब गटारात जात नाही. हे कुठे शिकलो म्हणाल, तर कुठेच नाही. लिफ्ट दुरुस्त करायला तेवढं कोणी शिकवलं, बाकी सगळं डोळे उघडे ठेवून.

आता त्या उत्तरेच्या कुंपणाकडच्या जागेबद्दल. दिवसभर ऊन लागणारी आमच्या आवारात ती एकच जागा. हिवाळाभर तुमची कॅरव्हॅन ठेवायला तुमच्या वॉगा गावात जागा नाही आणि आमची ही जागा कशी अगदी मापाची आहे, हे ख्रिसमसच्या जेवणात कोळंबी सोलता सोलता तुम्ही सांगितलंत. आणि त्याच दुपारी, हात पुसत पुसत, माझ्या रोपांची पानं करपताहेत हेही तुम्हीच दाखवलंत. (हा योगायोग आहे असं मी आजवर मानत आलोय.) इथल्या कायद्याने माणशी दोन, म्हणजे आमच्या घरात गांजाची चार रोपं. एक आणि दोन नंबर माझे, तीन आणि चार रेलीनचे. चारही नोव्हेंबरातल्या एकाच मंगळवारी, मेलबर्न कपची घोड्यांची शर्यत रेडिओवर चालू असताना, त्याच जागेत, एकाच मातीत लावलेली. रेलीनची दोन टवटवीत, माझ्या दोघांची टोकं चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. तेव्हा रेलीनने सगळ्यांसमोर निकाल दिला, “ईस्टरच्या शनिवारी तुझी दोन्ही उभी आणि हिरवी असतील तर जागा तुझी. नसतील तर नॉरिसची कॅरव्हॅन येईल, आणि तुझी कुरकुर मी हिवाळाभर ऐकणार नाही.”

तुमचं निदान नायट्रोजनचं होतं. शेतीखात्यात चाळीस वर्षं गहू बघितलेल्या माणसाला नाही म्हणणारा मी कोण? सांगितलंत तसं कोंबडीखत घातलं. आठवड्यात पानं काळपट हिरवी होऊन टोकं खाली वळली, ससाण्याच्या नखांसारखी. म्हणजे नायट्रोजन कमी नव्हता, आता जास्त झाला होता. तरी मी तुम्हाला फोन केला नाही (ग्लेनिसताईंना केला, त्यांनी सांगितलं नसेल तर तो त्यांचा मोठेपणा). मग शेजारच्या मिल्काबाई कुंपणावरून म्हणाल्या, “कीड आहे ती. आमच्या गावाकडे द्राक्षांना व्हायची.” मी जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगाचं एक यंत्र केलं आणि दोन सबंध रविवार पानांची पाठ तपासली. कोळी कीटक सापडला एक. अक्षरशः एक. आणि तोही मेलेला. मग बागेच्या दुकानातला माणूस म्हणाला, मॅग्नेशियम. मग म्हणाला, कॅल्शियम. मग त्याच्याकडच्या बाटल्या संपल्या. मधल्या काळात वरची कोवळी पानं शिरांमधून पिवळी पडायला लागली, शिरा मात्र हिरव्या, जणू कोणी नकाशात नद्या काढल्यात. खालची जुनी पिवळी पडली तर नायट्रोजन, वरची कोवळी शिरांमधून पिवळी पडली तर लोह, कडा जळल्या तर खारटपणा. मला तर तिन्ही तक्रारी एकाच रोपावर मिळत होत्या. रेलीन झारी घेऊन स्वतःच्या रोपांना पाणी घालता घालता म्हणायची, “तुझ्या रोपांना काय झालंय सांगू? तू झालायस.”

लिफ्ट मधेच अडकली की मी आधी वही उघडतो, कारण अंदाजाने काम केलं तर माणूस दोन मजल्यांच्या मधे लटकतो. तेच इथे केलं. जळलेलं प्रत्येक पान काढायचं, वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं, तारीख, रोप, फांदी आणि डाग कुठे ते लिहायचं. त्यासाठी काचेच्या झाकणाची पेटी केली (कोपरे कटाक्षाने पंचेचाळीस अंशात). फेब्रुवारीच्या शेवटी पेटीत सदतीस पानं झाली. ती तारखेप्रमाणे मांडली आणि दोनदा वार मोजले. नवे डाग नेहमी मंगळवार-बुधवारचे होते. फक्त दोन आठवडे कोरे. एक, जेव्हा उष्म्यामुळे रेलीनच्या लॉन बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या, मॅचेस रद्द झाल्या. आणि दुसरा, जेव्हा रेलीन वॉगाला तुमच्याकडे आली होती.

साडूबुवा, शनिवारी रेलीनच्या क्लबची मॅच असते. रविवारी आठ बायकांचे पांढरेशुभ्र गणवेश आमच्या मशीनमध्ये येतात (आमचं मशीन मी दुरुस्त केलेलं असल्यामुळे ते क्लबात सर्वांत भरवशाचं मानलं जातं). हिरवळीचे डाग जावेत म्हणून ते कडक पावडरीत भिजवतात. आणि ते पाणी, थेंब न सांडता, माझ्या नळीतून माझ्याच रोपांच्या मुळाशी! मी मिल्काबाईंच्या पोहण्याच्या तलावाची पाणी तपासायची डबी मागून आणली. नळीचं पाणी त्यात घातलं, तर रंग बीटाच्या रसासारखा जांभळा झाला. जितकं जांभळं तितकं पाणी अल्कली, आणि डबीवरच्या तक्त्यात इतका जांभळा रंगच नव्हता. मिल्काबाई म्हणाल्या, “वॉरिक, यात पोहू नकोस.” खार जास्त म्हणून कडा करपल्या, मुळांना पोटभर खायला मिळेना म्हणून खालची पानं पिवळी, माती अल्कली झाली म्हणून मुळांना लोह उचलता येईना, आणि वरची पानं पिवळी. तिन्ही तक्रारींचा गुन्हेगार एक! मी अंगणात एकटाच ओरडलो. कोंबड्या खुराड्यात गेल्या.

नळी तोडली. टाकीचं पावसाचं पाणी, रोपामागे वीस बादल्या, तीनदा, जुना खार धुऊन जाईपर्यंत. एकशेवीस बादल्या मी या कमरेने वाहिल्या, म्हणून नमस्कार कमी वाकलाय. बारा दिवसांनी पहिलं कोवळं पान आलं. हिरवं. शिरांपासून कडेपर्यंत हिरवं. मी त्याचा फोटो रेलीनला पाठवला. ती स्वयंपाकघरात होती, चहा गाळत. तिथूनच ओरडली, “पान आहे ते, नातू नाही!”

ईस्टरच्या शनिवारी पंच म्हणून मिल्काबाई आल्या, काखेत त्यांच्याकडचा ईस्टरचा, अख्खी अंडी खोवून भाजलेला ब्रेड घेऊन. रेलीनने हरकत घेतली की जळकी पानं मीच काढून टाकलीत, “टक्कल पाडून कोंडा बरा केला म्हणायचं का?” मी पेटी पुढे केली. सदतीस पानं, सदतीस तारखा, एकही लपवलेलं नाही. मग नवी पानं मोजायला लावली. एका रोपावर एकसष्ट, दुसऱ्यावर अठ्ठावन्न, फुलोरा माझ्या मनगटाएवढा. मिल्काबाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणाल्या, “दोन्ही उभी. दोन्ही हिरवी. जागा याची. आता कोणीतरी सुरी आणा, ब्रेड निवतोय.” तो ब्रेड मी उभ्याने खाल्ला, त्या जागेवर, उन्हात. इतका गोड ब्रेड या जन्मात खाल्ला नाही.

ग्लेनिसताईंना नमस्कार. कुत्र्याच्या कानामागे माझ्यातर्फे खाजवा.

आपला विजयी साडू,
वॉरिक टकवेल

ता. क. तुमच्या कॅरव्हॅनखाली सांडपाण्याची एक टाकी आहे, नव्वद लिटरची. नळी तोडल्यापासून गणवेशांचं पाणी गटारात जातंय आणि ते मला बघवत नाही. ती टाकी महिनाभर मिळेल का? पावडरीचं पाणी वेगळं आणि खळबळल्याचं पाणी वेगळं करणारी एक योजना डोक्यात आहे. टाकी सुटी निघत नसेल तर कॅरव्हॅनसकट आणा, पण पुढच्या बाजूला, रस्त्यावर लावा.

ता. क. दुसरा. रेलीनने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, नळीला तोट्या चार होत्या, मग तीन आणि चार नंबर कसे वाचले, हे मी का लिहिलं नाही? तपशिलात मी चुकारपणा करत नाही, म्हणून लिहितो. तिने तिच्या दोन तोट्या नोव्हेंबरातच बंद केल्या होत्या. गवताच्या आच्छादनाखाली असल्यामुळे मला दिसल्या नाहीत, आणि झारी ही मला तिची हौस वाटली. मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, “सांगितलं होतं. तू भिंगातून बघत होतास.”

ता. क. तिसरा. शनिवारी मिल्काबाई घरी गेल्यावर रेलीन म्हणाली की जागेसाठी तुम्ही तिच्याकडे भाडं देऊ केलंय. मी विजयाच्या भरात होतो. तिचं वाक्य अर्धं झालं असतानाच मी ‘नाही, नाही आणि नाही’ म्हटलं, टेबलावर हात आपटून. आकडा तिने नंतर सांगितला, शांतपणे, ब्रेडचे कण गोळा करत. एका हिवाळ्याचे बाराशे चाळीस डॉलर.