रविवारचा फ्रीझर

६ मार्च, बुधवार

आज चार खानावळी तपासल्या. एकीत हात धुवायला साबण नाही. दुसरीत कच्चं मांस वरच्या कप्प्यात, शिजलेला भात खाली — रक्त थेट भातात! मी लिहायला लागले की सगळी टेबलं गप्प होतात.

रस्त्याने परकं माणूस जाताना दिसलं तरी इथे घराघरातून हाक येते, ‘या जेवायला!’ मला नाही येत. सालेलोलोगाला, या बेटावरच्या गावात, बदली होऊन तीन महिने होत आले.

फक्त धक्क्याजवळची फिलोई मावशी तिच्या खानावळीतून हाक मारते. “ए तपासणीबाई, ये, दोन घास खा!” आता जिथे तपासायचं तिथे खायचं नाही, हा नियम. मी म्हणते, आत्ताच जेवले. “खोटारडी!” म्हणून हसते. त्या हाकेसाठी मी धक्क्यावरून घरी जाते. लांब पडतं, तरी.

९ मार्च, शनिवार

दुपारपासून वीज नाही. वाऱ्याने खांब पडला म्हणे. डबाबंद मासळी खाल्ली, दार लावून.

१० मार्च, रविवार

चर्च. घाम. नंतर सगळे आपापल्या घोळक्यात. मी घरी. वीज रात्री आली.

११ मार्च, सोमवार

वीज गेली होती म्हणून सगळ्यांचे फ्रीझर बघत निघाले. फिलोईचा शेवटी ठेवला — चक्क टाळत होते. जुना फ्रीझर, झाकण धड बसत नाही. आत कोंबडीचे तुकडे वितळून पुन्हा गोठलेले, सगळा एकच गोळा, तळाशी लाल बर्फ.

“मावशी, काल हे दुसरीकडे हलवायचं नाही का!”

“काल रविवार होता.”

रविवारी दुकान उघडलं तर गावचे पंच दंड करतात. आत सगळं वितळतंय हे तिला ठाऊक होतं. चर्चमध्ये बसून वीज मागत होती म्हणे. रात्री वीज आली, हिला वाटलं देवाने ऐकलं! “पुन्हा गोठलं की गं. मग काय झालं?”

त्यातलीच कोंबडी चुलीवर चढली होती. मी पातेलं उतरवायला लावलं. दारावर बंदीचा लाल कागद चिकटवला. सगळी कोंबडी खड्ड्यात पुरली, वरून ब्लीच ओतलं. ती बघत उभी.

“दार उघडलं असतं तर गावाने धरलं असतं. नाही उघडलं, तर तू धरलंस.”

मी केलं ते बरोबरच. कोणाच्या पोटात गेलं असतं तर? बरोबर केलं आणि घरी येऊन रडले.

१२ मार्च, मंगळवार

धक्क्यावरून गेले नाही.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी फिलोईकडे फेरतपासणी. सगळं लख्ख, झाकणसुद्धा नवं. लाल कागद मीच काढला. ‘झालं?’ एवढंच बोलली.

संध्याकाळी मुद्दाम तिथूनच गेले. पुढे पोस्टमन होता, त्याला हाक. बोटीतून उतरलेल्या परक्या जोडप्याला हाक. मग मी. फिलोई मान खाली घालून पातेलं पुसायला लागली!

१६ मार्च, शनिवार

आईचा फोन. सगळं सांगितलं. वाटलं, बिचारी म्हणेल.

“आणि तू कोणाकोणाला बोलावलंस?”

एकटीसाठी कुठे चूल पेटवायची, म्हटलं.

“म्हणजे दार लावून डब्यातलं खातेस, आणि वर गावावर रुसतेस!”

राग आला. फोन आपटला. ती बरोबर बोलली म्हणून जास्त आला.

१७ मार्च, रविवार

नारळाच्या दुधात मासे केले, तारोचे कंद उकडले. चर्च सुटल्यावर घराच्या पायरीवर ताटं मांडून बसले. जाईल त्याला हाक मारली. बरेच जण ‘जेवलो, जेवलो’ करत पुढे गेले. मग फिलोई, पांढरी टोपी घालून.

“मावशी, या जेवायला!”

थांबली. आली. झाकण उचलून वास घेतला. दोनदा वाढून घेतलं, हात धुतले.

“मीठ कमी. सुधार. बुधवारी पुन्हा तपासायला येईन.”