शेवटचे पाणी बोरतळच्या विहिरीचे

मी, रेणुकादास विठ्ठलराव उदगीरकर, वय वर्षे एकसष्ट, निवृत्त भूगोल शिक्षक व 'उत्तुंग साहस सहली' या कंपनीचा संस्थापक, मूळ राहणार उदगीर, हल्ली मुक्काम लातूर, हे मृत्युपत्र माझ्याच अकलेने व माझ्याच हस्ताक्षरात लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. मधली पाच-सहा वर्षे नव्हते, त्याचा खुलासा पुढे येईल. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. डॉक्टर हल्ली माझ्या तब्येतीबद्दल बोलताना माझ्याऐवजी मुलगा यज्ञेश याच्या तोंडाकडे बघतात, तेव्हा उशीर करण्यात अर्थ नाही.

१. लातूरचे राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी सौ. चंद्रप्रभा हिला. ती मला नेहमी सांगायची, "आपला यज्ञेश गोड बोलायला लागला की समजावं, काहीतरी झाकायचंय." मी ते हसण्यावारी नेले.

२. लोखंडी पहार, एक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी उदगीरला शाळेत शिक्षक होतो. दुसऱ्या दिवशी दोर आणि ही पहार घेऊन औसा तालुक्यातल्या बोरतळला गेलो व तीन दिवस दगड उपसले. तिथल्या बौद्ध वस्तीतल्या सरजाबाई सूर्यवंशी यांचे पती व्यंकटी यांना आम्ही याच पहारीने बाहेर काढले. ते गेलेले होते. त्याच दुपारी ती बाई वस्तीच्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. गावात तेवढी एक विहीर शाबूत होती. "आधी पानी प्या सर, मंग काय ते बोला." नवरा चादरीखाली, आणि बाई आल्या माणसाला पाणी देते आहे. तसे पाणी मी पुन्हा कधी प्यालो नाही.

घरी आल्यावर आईने विचारले, पाणी कुठे प्यालास? मी सांगितले. तिने मला उंबऱ्याबाहेर उभे करून डोक्यावर घागर ओतली आणि मगच आत घेतले. मी पस्तीस वर्षांचा घोडा, गप्प उभा राहिलो. सरजाबाईच्या तांब्याची गोष्ट कंपनीच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर आहे. आईच्या घागरीची गोष्ट आज पहिल्यांदा लिहितो आहे.

ती पहार यज्ञेशने ऑफिसात काचेच्या पेटीत टांगली आहे, वर दिवा लावून. ती काढून शिबिराचे आचारी रामकिशन यांना द्यावी. त्यांनी तिचे काय करायचे ते कलम चारमध्ये सांगितले आहे.

३. 'जबाबदार पर्यटना'ची मानचिन्हे, नग पाच. कोणाला द्यावीत असा विचार केला, पण माझे कोणाशीच इतके वाकडे नाही. भंगारात घालावीत.

४. बोरतळच्या माळावरील सात एकर जमीन, माझ्या स्वकष्टाची. इथे मन मोकळे करतो, वकिलांनी क्षमा करावी.

लातुरात क्लासेसचे पीक आले. घराघरात खोल्या निघाल्या आणि खोल्याखोल्यांत पुस्तकात मान घातलेली पोरे. या लेकरांनी चार दिवस दगडाला हात लावावा, आभाळ बघावे, म्हणून २००४ साली मी या माळावर हे शिबिर काढले. एका वेळी चाळीस मुले. पहिला नियम असा की आपली घाण आपण विहिरीपासून दूर, पलीकडच्या उताराच्या तळाशी पुरायची, आणि माती लोटल्याशिवाय जेवायला बसायचे नाही. डॉक्टर होऊ घातलेली पोरे नाक मुरडायची, पण करायची.

पुढे कारभार यज्ञेशकडे गेला. 'तणावमुक्ती शिबिर' असे नाव लागले आणि चारशे-चारशे मुले बसने येऊ लागली. दोन हजार सोळाला लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात आमच्या शिबिरात टँकर ओतून चिखलातल्या कुस्त्या चालल्या होत्या. मला शिसारी आली, पण बोललो नाही. त्याच्या दोन वर्षे आधी संडास बांधायचे ठरले होते. खाली बांधले तर बसमधून उतरताच वास येतो, म्हणून यज्ञेशने तीस खड्डे वर, माळाच्या माथ्यावर खणले. बरोबर खाली वस्ती, आणि वस्तीची विहीर. भूकंपाने तडकलेला काळा खडक, त्यात चारशे पोरांची घाण. पाणी उताराकडे वाहते हे मी तीस वर्षे पाचवीच्या वर्गाला शिकवले आणि माझ्या पोटच्या पोराला शिकवले नाही.

दरवर्षी आमचा 'सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारी अहवाल' निघतो. गुळगुळीत कागद. "आम्ही मागे फक्त पाऊलखुणा ठेवतो." चौथ्या पानावर सरजाबाईंचा तांब्यासह फोटो, तिला न विचारता. खाली "स्थानिक पाण्याची तपासणी : समाधानकारक". तपासायला पाणी नेले ते आमच्या फिल्टरच्या टाकीतले. त्याखाली पाच वर्षे माझी सही आहे. वाचून केलेली नाही, पण माझीच आहे. त्या सहीची मला जितकी किळस येते, तितकी त्या खड्ड्यांचीही येत नाही.

खड्डे कुठे आहेत ते रामकिशन यांनी गेल्या श्रावणात मला हाताला धरून दाखवले. तसाच खाली सरजाबाईंकडे गेलो. बसलो. तिने बोलायला सुरुवात केली, पाणी दिले नाही. त्या घरात असे कधी झाले नव्हते. शेवटी मीच मागितले.

"रागाला येऊ नगा सर," ती म्हणाली, "ह्या हिरीचं पानी आता आमीच पीत न्हाई, तुमाला कसं देऊ? सिंधुची धाकली लेक काविळीनं अंथरुनाला खिळून हाय." मग सून सिंधु हिने विकतच्या जारचे पाणी पेल्यात आणून ठेवले. मला ते गिळवेना. एकदा आईच्या लेखी त्या पाण्याने मी बाटलो होतो. ते पाणी खरोखर बाटवले ते आम्ही.

म्हणून : माळाचा माथा व विहिरीपर्यंतचा उतार धरून तीन एकर बोरतळ ग्रामपंचायतीला, वस्तीच्या पाण्यासाठी, कायमचे. रामकिशन यांनी वरील पहारीने पहिला खड्डा फोडावा. उरलेली चार एकर व माझे सर्व शेअर यज्ञेशला, पण तीसच्या तीस खड्ड्यांतली घाण उपसून, खड्डे बुजवून, विहिरीचे पाणी पिण्याजोगे झाल्यावरच. झाले की नाही हे प्रयोगशाळेचा कागद ठरवणार नाही, सरजाबाई ठरवतील. माझ्या मृत्यूनंतर वर्षभरात तसे झाले नाही तर सर्व मुलगी भार्गवी हिला. ती नांदेडला शिक्षिका आहे. कंपनी बंद करील आणि तिला रात्री झोपही लागेल.

५. माझ्या नावाने कोणी रोप लावून फोटो काढू नये.

६. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. याची झेरॉक्स मात्र आजच यज्ञेशच्या हातात द्यावी, कारण हे कलम त्याने मी जिवंत असताना पाळायचे आहे. देवघरात गंगाजलाची सीलबंद लोटी आहे, आईने आणलेली. ती माझ्या तोंडाला लावू नये. माझी वेळ आली की यज्ञेशने स्वतः बोरतळला जावे, सरजाबाईंच्या दारात उभे राहावे आणि बापासाठी त्या विहिरीचे चमचाभर पाणी मागावे. बाटली भरून परस्पर आणू नये. तिने दिले तर आणावे. ती म्हणाली, अजून देण्याजोगे नाही, तर तिच्याशी वाद घालू नये, मला कोरड्या तोंडानेच जाऊ द्यावे.

यज्ञेश, बाळा, डॉक्टर तुला किती दिवस म्हणाले ते तुलाच ठाऊक. खड्डे तीस आहेत. आजच लाग.

सही : रेणुकादास विठ्ठलराव उदगीरकर

आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली :
१) गुरुपादप्पा बिराजदार, निवृत्त मुख्याध्यापक, उदगीर
२) रत्नम्मा स्वामी, परिचारिका, लातूर

स्थळ : लातूर
दिनांक : ३० सप्टेंबर २०१९